अंगण खरंच वाकडं होतं

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. चार चाकांची, वर रेक्झिनची गादी ठोकलेली, एका कोपऱ्यात जळल्याचा डाग असलेली. माणसांनी आकाशात कसं वागावं हे शिकवण्यात माझी सात वर्षं गेली, आणि मी स्वतः जमिनीपासून चार बोटांच्या वर कधी गेले नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे तुम्ही पाहिले असतील. मी शेळीवरून उंट हाकत होते. माझ्यामुळे एक जीव गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला उगाच चांगली समजणार नाही.

माझा जन्म एका मोटार गॅरेजात झाला. तिथले मालक आणि कामगार एकच होते, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. गाडीच्या पोटाखाली शिरायला त्यांना काहीतरी सरकतं हवं होतं. त्यांनी मोडक्या कपाटाचं दार कापलं, भंगारातल्या गाडीच्या सीटचं रेक्झिन त्यावर ताणून बसवलं आणि दवाखान्याच्या जुन्या ढकलगाडीची चार चाकं खाली लावली. मग माझ्यावर उताणे झोपून त्यांनी एकदा गॅरेजची लांबी पार केली आणि म्हणाले, "झाली माझी खाट." तेव्हापासून माझं नाव खाट. दिवसभर माझ्यावर पडून राहणारा माणूस गावातला सर्वांत कष्टाळू माणूस होता, यातली गंमत मला फार आवडायची.

मिस्त्रींचा एक नेम होता. दर शनिवारी काम संपलं की ते मला उलटं करत, दाभण घेऊन प्रत्येक चाकाच्या दांड्याभोवती गुंडाळलेले केस आणि धागे उपसून काढत आणि तेलाचा एकेक थेंब सोडत. धागे कुठून येतात हे मलाही कळत नसे, पण येत. त्यांची मुलगी शेजारी उकिडवी बसून बघायची. ते तिला सांगत, "चाकाचं ऐकत जा. ते आधी बोलतं, मग मोडतं. एक केस अडकला तरी गाडी भिंतीवर जाते."

मुलगी माझ्यावर पालथी पडायची, हातांनी जमीन ढकलायची आणि भरधाव दारापर्यंत जायची. तिच्या आईला ते मुळीच पसंत नव्हतं, कारण फ्रॉकचा पुढचा भाग काळाकुट्ट व्हायचा. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे मिस्त्रींचे हात थरथरू लागले. पाना नटावर बसेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि बरा होणारा नाही हेही सांगितलं. गॅरेज बंद झालं. मुलगी तोवर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागली होती आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उड्या मारायला शिकली होती. एके दिवशी तिने मला पाठीला बांधलं आणि विमानतळाच्या जुन्या शेडमध्ये नेलं. निघताना मिस्त्री म्हणाले, "शनिवारी तेल." ती म्हणाली, "हो बाबा."

आता ही उडी कसली ते सांगते. चौघे जण विमानातून एकत्र बाहेर पडतात आणि पोट जमिनीकडे करून पडत राहतात. पडता पडता एकमेकांचे दंड, पोटऱ्या, मांड्या धरून आकार करतात. कधी तारा, कधी जिना, कधी कडी. पोशाखाच्या दंडावर आणि मांडीवर धरायला कापडाच्या जाड मुठी शिवलेल्या असतात. पस्तीस सेकंदांत जितके आकार बरोबर होतील तितके गुण. पाचवा माणूस डोक्यावर कॅमेरा बांधून वरून हे टिपतो, आणि परीक्षक जमिनीवर बसून ते चित्रण तपासतात. एक आकार सोडून दुसऱ्याकडे जाताना एक क्षण असा यावा लागतो की कुणाचाच हात कुणाला लागलेला नाही. एकाचंही बोट अडकून राहिलं तरी पुढचा आकार फुकट जातो.

विमानाचं तिकीट महाग आणि आकाशात वेळ थोडा, म्हणून ही सगळी रीत आधी जमिनीवर घोटतात. चौघे चार फळ्यांवर पालथे पडतात, डोकी आत, पाय बाहेर, आणि सिमेंटवर सरकत आकार बांधतात. हेच माझं काम होतं.

चौघांचा कप्तान शाळेत गणित शिकवायचा, त्याला मास्तर म्हणत. दुसरा एक बेकरीवाला होता, दारातून वाकून यावं लागणारा, म्हणून त्याचं नाव बुटक्या. तिसरी नर्स. रात्रपाळी करून सरळ शेडमध्ये यायची आणि दोन आकारांच्या मधल्या विश्रांतीत फळीवरच डुलकी काढायची. चौथी मिस्त्रींची मुलगी. तिची जागा आकाराच्या शेवटच्या टोकाला, म्हणून तिला शेपूट म्हणत. बाकी तिघांच्या फळ्या विकतच्या होत्या, वळणदार, गुळगुळीत. मला बघून बुटक्या म्हणाला होता, "हे काय, दरवाजा घेऊन आलीस?" शेपूट म्हणाली, "कपाटाचा आहे. बाबांनी केलाय. मी दुसऱ्या कशावर झोपणार नाही."

नर्सचं आणि तिचं फार जमायचं. एका डब्यातून दोघी खायच्या. नर्स माझ्या चाकांवर हात फिरवून म्हणायची, "ही आमच्या दवाखान्यातली आहेत गं. नोकरी सोडून इथे पळून आली." मला तिचा हात ओळखीचा वाटायचा.

सरावातली शेवटची आज्ञा असायची 'फाका'. आकाशात ठराविक उंची आली की खेळ संपतो. मग प्रत्येकाने जागच्या जागी अर्धं वळायचं आणि आपल्या दिशेने सरळ, लांब निघून जायचं, म्हणजे पॅराशूट उघडताना शेजारी कुणी नको. शेडमध्ये यासाठी चार बाजूंना चार खडूच्या खुणा होत्या. शेपटाची खूण दारावर होती. तिच्या उजव्या हाताच्या भिंतीत खिडकी, तिच्याखाली नर्सची खूण. डाव्या भिंतीवर बुटक्या, आणि मागे मास्तर.

पहिली काही वर्षं शेपटाने शनिवार पाळला. मग दुकानात काम वाढलं, स्पर्धा जवळ आली, आईचं पाठीचं दुखणं निघालं. एक शनिवार चुकला, मग सगळेच. घरी मिस्त्री खुर्चीत बसून विचारत, "खाटेला तेल घातलंस?" आणि ती म्हणे, "हो बाबा." हे मला कसं ठाऊक? तिनेच नर्सला हसत हसत सांगितलं होतं, माझ्यावर बसून. नर्स म्हणाली, "म्हाताऱ्याला फसवतेस?" ती म्हणाली, "अगं, त्यांना बरं वाटतं."

त्याच दिवसांत तिच्या पोशाखाच्या दंडावरची मूठ उसवली. लाल धागा लोंबू लागला आणि माझ्या पुढच्या डाव्या चाकात गेला. त्याच्यासोबत तिचे लांब केस. धागा दांड्याभोवती आवळत गेला आणि चाक अडू लागलं. मी कुईं कुईं करू लागले. मला तोंड नाही, मित्रांनो. एवढंच बोलता येत होतं, ते मी बोलत होते.

मास्तरने 'फाका' म्हटलं की ती सरळ वळायची, सरळ ढकलायची, आणि मी तिला डावीकडे बुटक्याच्या भिंतीवर नेऊन आदळायचे. दोनदा झालं, पाचदा झालं. ती म्हणाली, "मास्तर, ही फळी डावीकडे ओढतेय."

मास्तर म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

सगळे हसले. नर्स हसली, बुटक्या इतका हसला की त्याला उचकी लागली. शेपूटही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. म्हण फार जुनी आहे आणि बहुतेक वेळा खरीही असते. वाईट एवढंच, की ती एकदा कुणी उच्चारली की अंगण बघायला कुणी खाली वाकत नाही. मला उलटं करायचं, दाभण घालायचं, दहा मिनिटांचं काम. तिने ते केलं नाही. त्या दिवसानंतर तिने फळीचं नाव काढलं नाही. तिने स्वतःला सुधारायला घेतलं.

ती हट्टी बापाची लेक. अर्ध्याहून थोडं जास्त वळायचं, म्हणजे तोंड उजवीकडे जातं. तिथून ढकललं की मी डावीकडे ओढत ओढत बरोबर दारावर नेते. आठवडाभरात तिला ते जमलं, महिन्याभरात अंगात मुरलं. डोळे मिटून वळली तरी खडूच्या खुणेवर. मास्तरने टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात मेहनत." ती खुलली. मी मात्र आतून सुकून गेले. ती सरळ जात नव्हती. वाकडी मी होते, आणि तिने माझ्या मापाने स्वतःला वाकवून घेतलं होतं. आकाशात तिच्याखाली मी नसणार होते.

तुम्ही म्हणाल, चित्रणात दिसलं नाही का? दिसत होतं. प्रत्येक उडीनंतर चौघे शेडमधल्या टेबलाभोवती जमून चित्रण बघत. कुणाचा हात उशिरा सुटला, कुणी चुकीची मूठ धरली, यावर तावातावाने भांडत. पस्तीस सेकंद झाले की मास्तर बटण दाबून चित्र थांबवत असे. गुण तिथवरच मिळतात, पुढचं बघून काय करायचं? 'फाका' त्याच्यानंतर होतं. दोन महिन्यांच्या प्रत्येक उडीत ती नर्सच्या दिशेने झुकून जात होती, आणि ते दोन महिने तसेच न पाहिलेले पडून होते.

स्पर्धेच्या दिवशी आम्हा फळ्यांना भिंतीशी उभं केलं होतं. मी उडी पाहिलेली नाही. मला फक्त विमानाचा आवाज ऐकू येतो, आणि मग पावलं. दरवेळी पाच जणांची पावलं हसत, धापा टाकत येत. त्या दिवशी आधी बुटक्या एकटा धावत आला. त्याने प्रथमोपचाराची पेटी उचलली, दारात थांबला, आणि पेटी तिथेच ठेवून पुन्हा गेला. पेटीचा उपयोग नाही हे त्याला कळलं असावं.

दोघींची पॅराशूटं अगदी जवळ उघडली होती. शेपूट नर्सच्या दोऱ्यांत शिरली आणि दोन्ही कापडं एकमेकांत गुंडाळली गेली. शेपटाने आपलं पॅराशूट तोडून टाकलं आणि पाठीवरचं दुसरं, राखीव पॅराशूट उघडलं. नर्सच्या अंगाभोवती ते तुटलेलं कापड लपेटलं गेलं होतं. तिला हात मोकळा करायला वेळ लागला, आणि तेवढी उंची उरली नव्हती. शेपटाचा घोटा मोडला. त्या उडीत त्यांनी चौदा आकार केले होते, इतके पूर्वी कधीच झाले नव्हते. शेडमध्ये कुणीतरी तो आकडा उच्चारला.

तीन आठवड्यांनी चौकशीसाठी चित्रण लावलं. या वेळी मास्तरने पस्तीस सेकंदांना बटण दाबलं नाही. शेपूट कुबडी घेऊन मागे उभी होती. पडद्यावर चौघे वळले. शेपूट जरा जास्त वळलेली दिसली, आणि त्याच क्षणी कॅमेरावाला स्वतः बाजूला गेल्यामुळे चित्र कलंडलं.

"मी सरळच गेले," ती म्हणाली. "मास्तर, शपथ. मला सरळच वाटत होतं."

"तसं वाटतंय खरं तिरकं," बुटक्या हळूच म्हणाला. "पण कॅमेराही हललाय."

मास्तरला तिच्यावर ठपका यायला नको होता. तो म्हणाला, "फळीवर करून दाखव."

मला खाली ठेवलं. ती मोडका पाय जपत माझ्यावर पडली. मास्तर म्हणाला, "फाका." ती वळली, तिने ढकललं, आणि मी तिला नेऊन दारावरच्या खुणेवर ठेवलं. अगदी मधोमध. मी कुईं कुईं ओरडत होते, त्या आवाजाची सगळ्यांना सवय झाली होती.

"बघा," मास्तर म्हणाला. "ही सरळच जाते." आणि अहवालात लिहिलं गेलं की नर्स रात्रपाळीहून थकून आली होती, तिचं वळणं चुकलं असावं. खोटं लिहायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, आणि ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्या अंगावर दोष आपोआप घरंगळत जातो.

नर्सची आई तो कागद घ्यायला शेडमध्ये आली. तिने उभ्यानेच वाचला. म्हणाली, "ती कधी चुकायची नाही. औषधाची बाटली तीनदा वाचायची." मग विचारलं, "थकली होती, तर तुम्ही वर का नेलीत?" तिने कागदाची चौकोनी घडी केली आणि ती गेली.

पुढे दोन महिने मी भिंतीशी धूळ खात पडून होते. शेपटाने उड्या सोडल्या होत्या. मला जाळून टाका असं तिने कळवलं होतं. ते मिस्त्रींना समजलं आणि ते म्हणाले, "माझी खाट मला परत आणा." मास्तर त्यांना आपल्या गाडीत घालून घेऊन आला. शेपूट सोबत होती, पण दारातच थांबली.

मिस्त्री मला न्यायला वाकले. हातात धरवेना म्हणून त्यांनी मला पायाने पुढे ढकललं. कुईं. त्यांचं थरथरणं क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. त्यांनी पुन्हा ढकललं. मी डावीकडे वळून त्यांच्या दुसऱ्या पायाला लागले.

"तेल घातलं होतंस?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

दारातून उत्तर आलं. "नाही बाबा. दीड वर्षात एकदाही नाही."

ते जमिनीवर बसले. मला उलटं केलं. खिशात दाभण होतं, सवयीने आणलेलं. हात इतके हलत होते की दाभण चाकाऐवजी दोनदा त्यांच्याच बोटात गेलं. मास्तर मदतीला वाकला, तर म्हणाले, "राहू द्या, माझं काम आहे." शेवटी लाल धाग्याची गुंडाळी सुटून आली, अंगठ्याएवढी जाड, आणि तिच्यात लांब काळे केस. त्यांनी ती तळहातावर ठेवली. मग तेलाचा थेंब सोडला, मला सरळ केलं आणि ढकललं. मी सरळ गेले. कसलाही आवाज न करता.

मास्तर त्या गुंडाळीकडे बघत राहिला. कधीतरी आपण काय बोलून गेलो होतो ते त्याला आठवलं असावं. तो म्हणाला, "अंगण वाकडंच होतं."

शेपूट लंगडत आत आली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती माझ्यावर पालथी पडली आणि डोळे मिटून म्हणाली, "म्हणा मास्तर."

मिस्त्रींनीच म्हटलं, "फाका."

ती वळली, नेहमीसारखी, अंगात मुरलं होतं तसं. तिने ढकललं. मी आता खरी फळी होते, मला जिकडे पाठवाल तिकडे जाणारी. मी तिला सरळ नेलं आणि भिंतीला टेकून थांबले. तिने डोळे उघडले. समोर दार नव्हतं. डोक्यावर खिडकी होती, आणि नाकासमोर खडूची अर्धी पुसलेली खूण.

"इथे ती होती," शेपूट म्हणाली. आणि तिथेच पडून रडली. मिस्त्री तिच्याकडे सरकत गेले.

अहवाल तिने स्वतः बदलून घेतला. नर्सच्या आईला शेडमध्ये बोलावून, मला मधोमध ठेवून, धाग्याची गुंडाळी दाखवून सगळं सांगितलं. 'हो बाबा' हेदेखील सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिने शिव्या दिल्या नाहीत आणि माफही केलं नाही. मास्तरला म्हणाली, "माझी मुलगी सरळ गेली होती, एवढं मोठ्या अक्षरात लिहा." मग जाता जाता खाली वाकून तिने माझं चाक बोटाने फिरवून पाहिलं. तिचाही हात मला ओळखीचा वाटला.

मिस्त्रींनी मला घरी नेलं नाही, मी आता शेडमध्येच असते. माझ्यावर कुणी झोपत नाही. दर शनिवारी मिस्त्री येतात, शेपूट त्यांना हाताला धरून आणते. बाकीच्या फळ्या उलट्या करून ती दाभण चालवते आणि ते कान देऊन ऐकतात. चित्रण आता पॅराशूट उघडेपर्यंत बघतात. नर्सच्या खुणेवरून रोज कुणीतरी खडू फिरवून ती पुन्हा ठळक करतं.

मित्रांनो, मी तुमच्याकडे माझ्यासाठी तेल मागत नाही, माझं वय झालं. तुमच्या घरी एखादी वस्तू कुरकुरत असेल तर तिला नावं ठेवण्याआधी एकदा खाली वाकून बघा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तेल घातलंस का, आणि घातलं नसेल, तर नाही म्हणा. विचारणारा माणूस रागावेल, बडबडेल, आणि मग दाभण घेऊन बसेल. मिस्त्री बसले असते. तेव्हा त्यांचे हात एवढे हलतही नव्हते.